कोनदार अक्षरं वापरताना

विज्ञान प्रदर्शनाचं पोस्टर असो, रोबोटिक्स स्पर्धेचा फलक असो, मोबाइल गेमचं नाव असो की नव्या सॉफ्टवेअर कंपनीचं बोधचिन्ह, असं काम हाती आलं की डिझाइनरचा हात हमखास एकाच घराण्यातल्या फॉन्टकडे जातो. रुंद, चौकोनी बांध्याची अक्षरं, छाटलेले कोपरे, जवळजवळ हद्दपार झालेली गोलाई आणि मधूनच गाळलेली एखादी आडवी रेघ. रोमन लिपीत ऑर्बिट्रॉन, युरोस्टाइल, बँक गॉथिक ही त्यातली सर्वपरिचित नावं, आणि देवनागरीतही आता असे फॉन्ट सहज मिळतात. ‘हे उद्याचं आहे’ एवढं एक वाक्य ही अक्षरं न लिहिता बोलतात आणि म्हणूनच ती सगळ्यांना हवी असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाक्य फुकट मिळत नाही. गोलाई काढून कोन घातला की अक्षराला इतर अक्षरांपासून वेगळं ठेवणारी एखादी खूणही बहुतेकदा त्याबरोबर जाते. हे नुकसान सोसायची ऐपत ज्या शब्दात आहे, त्याच शब्दाला असा फॉन्ट द्यावा. ती ऐपत कुठे असते आणि कुठे नसते, हे ठरवता यावं म्हणून हे अक्षररूप आलं कुठून ते आधी पाहायला हवं.

आपल्या चेकच्या तळाशी छापलेले अंक नीट पाहा. बारीक रेघांमध्ये मधेच कुठेतरी जाड ठोकळे आलेले दिसतील. या वळणाचं नाव ई-१३बी. अमेरिकेतल्या बँकांनी ते १९५०च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारलं, आणि आपल्याकडे एमआयसीआर पद्धतीबरोबर तेच आलं. हे अंक चुंबकीय शाईत छापलेले असतात. यंत्राच्या वाचकशीर्षाखालून प्रत्येक अंक सरकताना त्यातल्या शाईच्या वाटणीनुसार वेगळा संकेत उमटावा, म्हणून ते ठोकळे नेमक्या जागी ठेवले आहेत. या संचात एकूण १४ आकार आहेत, १० अंक आणि ४ चिन्हं. यात अक्षर एकही नाही. पण लोकांच्या मनात ‘संगणकाचं अक्षर’ म्हणजे हेच असं पक्कं झालं आणि १९७० मध्ये लेट्रासेट कंपनीने बॉब न्यूमन यांचा डेटा ७० हा फॉन्ट आणला. त्यात तेच ठोकळे ए ते झेड सगळ्या अक्षरांना चिकटवलेले होते. चेक वाचणारं यंत्र ही अक्षरं वाचू शकत नाही, कारण ती त्याच्यासाठी केलेलीच नाहीत. ई-१३बी मधल्या प्रत्येक ठोकळ्याला काम आहे. डेटा ७० मधल्या ठोकळ्याला फक्त आठवण आहे. भविष्यवेधी म्हणवणाऱ्या बऱ्याच फॉन्टांचं मूळ शोधलं तर असंच कुठल्यातरी जुन्या यंत्राच्या अडचणीपाशी जाऊन पोहोचतं.

नेदरलँड्सचे विम क्रौवेल यांचं १९६७ चं ‘न्यू अल्फाबेट’ हे याचं सर्वांत प्रामाणिक उदाहरण. त्या काळातली सुरुवातीची इलेक्ट्रॉनिक अक्षरजुळणी यंत्रं पडद्यावरच्या ठिपक्यांतून अक्षर उभं करत आणि शतकानुशतकं घडत आलेल्या गोलाईदार टाइपाच्या कडा त्यात दातेरी होत. क्रौवेल यांनी प्रश्न उलटा केला. यंत्राला जुनं अक्षर शिकवण्यापेक्षा यंत्राला जमेल असंच अक्षर घडवलं तर? म्हणून त्यांनी फक्त उभ्या-आडव्या रेघा घेतल्या, कोपरे तिरके छाटले आणि सगळी अक्षरं एकाच रुंदीच्या चौकटीत बसवली. एमला तीन पाय देण्याइतकी जागा त्या चौकटीत नव्हती, म्हणून एनखाली एक रेघ ओढून त्याला एम ठरवलं. तर्क चोख होता, पण वाचक अडखळले. क्रौवेल यांनी स्वतःही हा प्रयोग रोजच्या वापरासाठी नसल्याचं स्पष्ट केलं होतं. पुढे १९८८ मध्ये ‘जॉय डिव्हिजन’ या इंग्लिश बँडच्या ‘सबस्टन्स’ या संग्रहाच्या मुखपृष्ठावर हे वळण वापरलं गेलं. तिथे शब्द वाचता यावा म्हणून काही अक्षरांच्या जागी डोळ्याला जवळची वाटतील अशी रूपं योजावी लागली. क्रौवेल यांच्या नियमाने काटेकोर वाचायला गेलं तर तो शब्द ‘सबस्टन्स’ होतच नाही. ज्यांनी या अक्षरांवर प्रेम केलं त्यांनाही वाचनासाठी त्यांच्यात फेरफार करावा लागला, हे मला फार बोलकं वाटतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०११ मध्ये आपल्या संग्रहात घेतलेल्या २३ डिजिटल फॉन्टांत ‘न्यू अल्फाबेट’ आहे. विचार म्हणून ते तिथे शोभतंच.

दुसरी वाट इटलीतून येते. ट्युरिनच्या नेबिओलो टाइप फाउंड्रीत अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्डो नोव्हारेझे यांनी १९५२ मध्ये मायक्रोग्रामा घडवला. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. १९६२ मध्ये नोव्हारेझे यांनी त्याला लहान लिपीची जोड देऊन युरोस्टाइल केला. त्यातला ओ गोल नाही आणि पुरता चौकोनीही नाही. जुन्या टीव्हीच्या काचेसारखा तो फुगीर चौकोन आहे, आणि तेव्हाच्या उपकरणांचा, मोटारींचा घाट त्यात उतरला होता. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये अंतराळयानातल्या पाट्यांवर हा फॉन्ट दिसला आणि त्यानंतर अंतराळ म्हटलं की तोच असं समीकरण होऊन बसलं. पण त्याच चित्रपटाच्या श्रेयनामावलीकडे पाहा. ती १९२० च्या दशकातल्या, अगदी साध्या गिल सॅन्समध्ये आहे. काळ्या अवकाशात मोकळी सोडलेली जागा, संगीत आणि सावकाश येणारं एकेक नाव यांनीच पाहणाऱ्याला दुसऱ्या काळात नेलं. ज्या चित्रपटाने कोनदार अक्षराला भविष्याचा अर्थ दिला, त्याला स्वतःचं नाव लिहिताना त्या अक्षराची गरज पडली नाही. तेव्हा पोस्टरसाठी फॉन्ट निवडण्याआधी एकदा साध्या, नीटस फॉन्टात आणि भरपूर मोकळ्या जागेत तेच शीर्षक लावून बघावं. अनेकदा काम तिथेच होतं.

अर्थात कोनदार किंवा तोडलेली अक्षरं उत्तम चालतात अशाही जागा आहेत. नासाचं १९७५ चं, ‘वर्म’ या टोपणनावाने ओळखलं जाणारं बोधचिन्ह डॅन अँड ब्लॅकबर्न या संस्थेने केलं होतं. ते कोनदार नाही, उलट एकसलग वळणाचं आहे, पण त्यातल्या दोन्ही ए ची आडवी रेघ काढून टाकलेली आहे. १९९२ मध्ये ते निवृत्त झालं आणि २०२० मध्ये अंतराळवीरांना घेऊन निघालेल्या फाल्कन रॉकेटवर पुन्हा झळकलं. रेघ नसूनही ते का चालतं? त्यात चारच अक्षरं आहेत, ती नेहमी त्याच क्रमाने येतात, मोठ्या आकारात येतात आणि वाचणाऱ्याला तो शब्द आधीच ठाऊक असतो. तिथे डोळा अक्षरं जुळवत नाही, ओळखीचा चेहरा बघतो. माझ्या मते हीच ती ऐपत. शब्द छोटा हवा, ठसठशीत हवा, आणि तो पुन्हा पुन्हा भेटणारा हवा किंवा शेजारचं चित्र त्याचा अर्थ सांगणारं हवं. गेमचं नाव, इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमाचं शीर्षक, ई-स्पोर्ट्स संघाची जर्सी, रोबोटिक्स प्रयोगशाळेच्या दारावरची पाटी, विज्ञानकथा विशेषांकाचा मथळा या सगळ्यांत ती असते. तारीख, वेळ, पत्ता, फोन नंबर, तिकिटाचा दर, औषधाचं वेष्टन, धोक्याची सूचना यांत ती मुळीच नसते. वाचक हे सारं बहुधा एकदाच आणि घाईत बघतो आणि चूक झाली तर भुर्दंड त्याला पडतो.

खूण जाते म्हणजे नेमकं काय होतं ते वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रोज दिसतं. सात पट्ट्यांच्या त्या पडद्यावर ५ आणि रोमन एस यांत फरक नसतो, तसाच २ आणि झेड यांतही. तिथे गोंधळ होत नाही, कारण समोर वजन किंवा किंमतच आहे हे आपल्याला माहीत असतं. तेच आकार एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यात किंवा नोंदणी क्रमांकात वापरले, जिथे अक्षरं आणि अंक मिसळलेले असतात, तर संदर्भाचा हा आधार सुटतो. ओ, शून्य आणि डी तसंच बी आणि ८ हे चौकोनी फॉन्टांतले नेहमीचे गुन्हेगार. ४१४१ या अंकांना वळवून नंबरप्लेटवर ‘दादा’ वाचायला लावणारी हौस महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. मोटार वाहन नियम अशा नक्षीला मनाई करतात त्यामागेही हेच कारण आहे. एक आकार दोन गोष्टी सांगू लागला की तो नोंदीच्या कामाचा राहत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो. सुवाच्यता ही अक्षराच्या आकारात नसून सवयीत असते, आणि आजची तरुण पिढी गेम आणि चित्रपटांतून असली अक्षरं रोज बघते, तेव्हा तिला अडचण कसली? हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. जर्मन वाचक पिढ्यानपिढ्या फ्राक्टुर वळणातली वर्तमानपत्रं आणि पुस्तकं सहज वाचत होते. १९४१ मध्ये नाझी सरकारने आदेश काढून ते वळण बंद केलं, ते वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. आज आपल्याला तीच पानं कोड्यासारखी वाटतात. सवय इतकं करू शकते. पण त्या उदाहरणातच उत्तरही आहे. फ्राक्टुरची सवय लागली कारण शाळेच्या पुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत तेच एक वळण होतं. कोनदार फॉन्टांचं तसं नाही. प्रत्येकाने आपली वेगळी युक्ती लढवलेली असते. एकात ए ला आडवी रेघ नाही, दुसऱ्यात ई म्हणजे नुसत्या तीन रेघा, तिसऱ्यात एस म्हणजे विजेचा लोळ. एकाची सवय दुसऱ्याला उपयोगी पडत नाही. शिवाय ज्या गेमचा दाखला दिला जातो त्यातही शीर्षक तेवढं कोनदार असतं आणि खेळाडूला द्यायच्या सूचना बहुधा साध्या फॉन्टात असतात. सवयीचा मुद्दा मान्य करूनही तो नावापुरता आणि बोधचिन्हापुरताच लागू पडतो.

देवनागरीकडे वळलं की आक्षेप उलट्या बाजूने येतो. आपली लिपी बोरूच्या तिरक्या कापातून आलेली, गोलाई हा तिचा प्राण, तिला कोन लावणं म्हणजे तिच्यावर परकं रूप लादणं, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. इतिहास याला पूर्ण दुजोरा देत नाही. अशोककालीन ब्राह्मीत क म्हणजे एक उभी आणि एक आडवी रेघ, नुसती फुली. त्या काळातल्या लेखाचे अवशेष आपल्या सोपाऱ्याला सापडले आहेत. विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांतली लिपी तर पेटिकाशीर्ष म्हणूनच ओळखली जाते, कारण तिथे अक्षराच्या माथ्यावर छोटी चौकोनी पेटी असते आणि खालचा बांधाही बराच चौकोनी असतो. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला वाकाटक लेखांचा खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले ठसे आजच्या फॉन्ट करणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांखालून घालावेत असे आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीची ती अक्षरं एखाद्या आजच्या गेमच्या शीर्षकात सहज खपतील. पण त्यांतली सर्वांत ठळक चौकोनी खूण कुठे आहे ते बघा. ती माथ्यावर आहे, म्हणजे जो भाग जवळजवळ सगळ्या अक्षरांना सारखा आहे तिथे. अक्षराची ओळख त्याच्या पोटात असते, आणि माथा कितीही चौकोनी केला तरी त्या ओळखीला धक्का लागत नाही.

देवनागरीत कोनदार शीर्षक करणाऱ्याला माझा सल्ला यातूनच निघतो. शिरोरेषा आणि काना हे सगळ्यांचे सामाईक भाग आहेत. तिथे हवी तेवढी हौस करावी. शिरोरेषेचं टोक तिरकं छाटावं, कान्याचा पाय कापावा, दोघांच्या सांध्याला धार द्यावी. पण शिरोरेषा पूर्ण काढून टाकू नये. आधुनिक दिसण्यासाठी ती काढण्याची युक्ती फार वापरली जाते, आणि ध व घ, भ व म यांच्यातला मोठा फरक डावीकडे शिरोरेषा तुटते की जोडते यावरच टिकलेला असतो. ती गेली की सगळा भार गाठीवर येतो, आणि गाठ तर कोनदार फॉन्टमध्ये आधीच चौकोन झालेली असते. मग घाम आणि धाम, भाळ आणि माळ वेगळे राहत नाहीत. ब ची तिरकी रेघ बारीक झाली की बाई वाईला जाते. र आणि व एकमेकांना खेटून आले की ख होतो, हा तर जुनाच घोटाळा, चौकोनी बांध्यात तो आणखी सहज होतो. फॉन्ट निवडताना त्याच्या जाहिरातीतला नमुना बघू नये. स्वतः घर-धर, भात-मात, बाई-वाई, खत-रवत या जोड्या टाइप करून, त्या आकसून, चार पावलं मागे जाऊन बघाव्यात. त्यासोबत दुसऱ्या, ॲप, ऑफिस, वाङ्मय, काळजी हे शब्दही लिहून पाहावेत. ऱ्य मधला चंद्रकोरीसारखा र, ॲ वरचा चंद्र आणि ङ चं टिंब या तीन गोष्टी कोन करताना सर्वांत आधी बिघडतात. पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतात का, तेही तपासावं. काही फॉन्टांत मराठी रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी ठरवून दिल्याशिवाय ती पुढे येत नाहीत.

तयार फॉन्टांपैकी इंडियन टाइप फाउंड्रीचे राजधानी आणि टेको इथे उपयोगी आहेत. दोन्हींत देवनागरी आणि रोमन एकमेकींना साजेशी आहे, बांधा चौकोनी आहे, शिरोरेषा शाबूत आहे. टेकोच्या कर्त्यांनीच त्याचं सर्वांत जाड वजन एकदोन शब्दांपुरतं आणि सर्वांत हलकं वजन फार मोठ्या आकारासाठी सुचवलं आहे. ही सूचना पाळण्यासारखी आहे. उलट ऑर्बिट्रॉनसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. त्यात मराठी टाइप केलं तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट आणून बसवतो आणि इंग्रजी नाव अंतराळात तर मराठी नाव सरकारी अर्जात, असं चित्र तयार होतं. मराठी नाव आधी जुळवावं आणि रोमन त्याला साजेलसं शोधावं. हा क्रम पाळला की अर्धे प्रश्न सुटतात. हे तिन्ही फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामातही विनामूल्य वापरता येतात. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही.

रोमन शीर्षकांत अक्षरं दूर दूर ठेवून अवकाशाचा भास करतात. देवनागरीत ही युक्ती चालत नाही. अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. रुंदी हवी असेल तर मुळातच रुंद वळण निवडावं. अरुंद फॉन्ट आडवा ताणू नये, कारण त्यात कान्याची जाडी वाढते, शिरोरेषेची तेवढीच राहते आणि अक्षर लंगडं दिसतं. अक्षरांना बाह्यरेषा द्यायची असेल तर आधी त्यांचे आकार एकत्र जोडून घ्यावेत. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात, त्यामुळे न जोडता बाह्यरेषा दिली तर प्रत्येक सांध्यावर उभी चीर उमटते. शहराशहरांतल्या फ्लेक्सवर ही चीर दिसते आणि ती टाळणं दोन क्लिकचं काम आहे. निऑनसारखा प्रकाश दिला तर ब, व, म यांच्या पोटातली मोकळी जागा उजेडाने भरून जाते, म्हणून प्रकाश अक्षराच्या मागे पसरावा, आत शिरू देऊ नये. खरीच एलईडी निऑन पट्टी लावायची असेल तर ती काटकोनात मोडत नाही, तेव्हा कोपरे थोडे गोल करूनच आराखडा द्यावा. विनाइल कापून चिकटवायचं असेल तर फार निमुळती टोकं उन्हापावसात आधी सुटतात, ती किंचित बोथट ठेवावीत. स्टेन्सिल करायची तर ब आणि व यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. त्याला धरून ठेवणारी पट्टी कारागिराने मनाने कुठेही सोडण्याआधी आपणच आराखड्यात दाखवावी, आणि ती ब च्या तिरक्या रेघेवर येणार नाही एवढं बघावं.